नवं: आमच्या घरातला सुगीचा सण

(सुगीच्या सणाच्या उपासनेत, नाशिकमधल्या एका मंडळीपुढं आपल्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



उपासना संपल्यावर लिलाव आहे. वेदीपुढं एवढं सगळं मांडून ठेवलंय, द्राक्षाच्या पेट्या आहेत, तांदळाची पोती आहेत, कोणीतरी सुंदर केक केलाय. त्या सगळ्याच्या डाव्या बाजूला एक वाकडा भोपळा आहे. तो मी आणलाय. काल एसटीत तो मांडीवर घेऊन बसले होते, कंडक्टर म्हणाला, मावशी, याचं अर्धं तिकीट काढा.

आज मला सांगितलंय ते असं की, आदिवासी भागात सुगीचा सण कसा करतात ते दहा मिनिटांत सांगा. आदिवासी भाग फार मोठा आहे, त्याचं मला सांगता यायचं नाही. मी माझ्या घरचं सांगते. आम्ही कोकणा. सुरगाणा तालुक्यात, गुजरातच्या हद्दीजवळ आमचं गाव. माझा जन्म १९६८ चा. मी सांगणार आहे ते बरंचसं माझ्या आजीबद्दल आहे, आणि आमच्या घरातल्या एका भांडणाबद्दल.

तुमच्यापैकी पुष्कळांना पावसाळा म्हटलं की हिरवा डोंगर आठवेल, धबधबे आठवतील. आता शनिवार-रविवारी गाड्या भरून लोक येतात आमच्याकडं. आम्हाला लहानपणी पावसाळा म्हटलं की भूक आठवायची. आषाढापर्यंत कणगीतली नागली तळाला जायची. श्रावण-भाद्रपदात डोंगरात जे मिळेल ते. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. टाकळा, कुरडू. कडूकंद चिरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, मग राख घालून उकडायचा, तेव्हा कुठं त्याचा कडूपणा उतरायचा, तोही सगळा नाही. आणि हे संपलं की दुकानदाराकडं जायचं. श्रावणात एक मण धान्य आणलं तर सुगीत दीड मण घालायचं. त्याला दिढी म्हणत. म्हणजे पीक शेतात उभं असतानाच त्यातला वाटा दुसऱ्याचा झालेला असे.

आणि याच दिवसांत, भाद्रपद सरता सरता, हळव्या भाताला लोंब्या येतात. तुम्ही पोटात भूक घेऊन बांधावरून चालताय आणि दोन्ही बाजूला भात वाकलंय. आणि त्याला हात लावायचा नाही.

हा आमच्या घरातला नियम होता. नवं झाल्याशिवाय नवं धान्य तोंडात घालायचं नाही. ‘नवं’ म्हणजे आमचा सुगीचा सण. कोकणपट्टीत कोजागरीलाच नवान्न पौर्णिमा म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक असेल. तसंच हे, फक्त आमच्याकडं ठरलेली तिथी नव्हती. भात पिकलं, थोरल्यांनी दिवस सांगितला, की नवं.

मी आठ वर्षांची असताना तो नियम मोडला. गुरं राखायला गेले होते. चार लोंब्या ओरबाडल्या, गवऱ्यांच्या विस्तवावर भाजल्या, हातावर चोळल्या, फुंकल्या आणि खाल्ल्या. अजून चव आठवते. धुराची, आणि दुधासारखी गोड. चुलतभावानं पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं.

मला वाटलं, आता मार बसणार. आजी उंबऱ्यात बसली होती. तिनं माझी हनुवटी धरली, ओठावर चिकटलेलं तूस बोटानं काढलं, आणि विचारलं, “एकलीनंच खाल्लंस?”

बस, एवढंच. मी काही बोलले नाही. ती उठून आत गेली. मला तेव्हा कळलं नाही की तिनं ‘का खाल्लंस’ असं का नाही विचारलं.

नव्याच्या दिवशी अंगण शेणानं सारवायचं. मोठा काका शेतातून लोंब्या घेऊन यायचा, सुपात ठेवायचा. बायका उखळात ते भात कांडायच्या. नवं भात, नवी काकडी, भोपळ्याची भाजी, उडदाची डाळ. पहिला घास कणसरीचा. कणसरी म्हणजे आमच्या लोकांची धान्याची देवी. मग पितरांचा. रात्री भगत थाळी घेऊन बसायचा. काशाची थाळी, तिच्यावर मेणानं उभी केलेली काडी, त्या काडीवरून बोटं ओढली की एक गुणगुणता आवाज निघतो, आणि त्या आवाजावर तो रात्रभर कथा सांगायचा. आजी आम्हाला त्यातलं एवढंच सांगायची, की ज्या घरात धान्याचा अपमान होतो त्या घरातून कणसरी रुसून निघून जाते. आम्ही मुलं झोपून जायचो. मला आवडायचं ते जेवण. पळसाच्या पानावर वाढलेलं, आणि पंगतीला सगळे. काकाचा गुराखी, शेवटच्या घरातली विधवा बाई, रस्त्यानं चाललेला कोणी.

आता भांडणाकडं येते.

माझा बा दर वर्षी भात झोडून झालं की दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागेत कामाला जायचा. तिथं त्याची काही विश्वासू लोकांशी ओळख झाली. दोन हंगाम तो त्यांच्या प्रार्थनेला बसत होता. १९७७ च्या उन्हाळ्यात त्याचा बाप्तिस्मा झाला, आईचाही. आमच्या गावात पहिलंच घर.

त्या वेळी आमच्याकडं जे पाळक यायचे ते वाईट नव्हते, हे आधी सांगते. पावसात दहा-बारा मैल चालत यायचे, आमच्या घोंगडीवर झोपायचे. त्यांनी बाला सांगितलं, कणसरीपुढं ठेवलेलं आता तुम्ही खायचं नाही. पौलानं करिंथकरांना मूर्तींच्या नैवेद्याबद्दल जे लिहिलंय ते त्यांनी वाचून दाखवलं. बानं ते मनापासून मानलं. नव्याच्या दिवशी अंगणापलीकडं काकाच्या घरी सगळे जमले, आणि बा आम्हाला घेऊन घरात बसला. त्याच्याही पुढं तो एक पाऊल गेला. काकाचं नवं व्हायच्या चार दिवस आधीच त्यानं आमचं भात कापलं, आईला शिजवायला लावलं, प्रार्थना केली आणि आम्ही जेवलो. आम्ही कोणाला भीत नाही, असं त्याला दाखवायचं होतं. मी पोटभर खाल्लं. त्या दिवशी मला कोणी काही विचारलं नाही.

आजी काकाकडं राहायची. संध्याकाळी ती अंगण ओलांडून आली आणि बाला म्हणाली, “तू माझ्या घरचं खात नाहीस ना, मग मी तुझ्या घरचं दाणं खाणार नाही.” बा म्हणाला, “तुझी मर्जी, आये.”

सात वर्षं ती आमच्याकडं जेवली नाही.

लोक ‘घर तुटलं’ म्हणतात, पण ती बोलणं सोडून गेली नाही. ती रोज यायची. चहा प्यायची, कारण चहात दाणा नाही. काकडी खायची. १९७९ मध्ये माझा भाऊ झाला, तेव्हा आईचं बाळंतपण तिनंच केलं. बारा दिवस आमच्या घरात होती, आमच्या चुलीवर रांधत होती, आणि स्वतःची भाकर मात्र पदरात बांधून आणलेल्या नागलीच्या पिठाची. तेच पीठ संपलं की अंगण ओलांडून परत आणायची. आई एकदा बाला म्हणाली, “तुमची आई आपल्या घरात उपऱ्यासारखी जेवते.” बानं काही उत्तर दिलं नाही. तो हट्टी होता, पण दगड नव्हता. मी रात्री त्याला प्रार्थना करताना ऐकलंय.

पुढं मला शिकायला मिशनच्या वसतिगृहात ठेवलं. १९८३ साली मी पंधरा वर्षांची होते. आमच्या बाईंची शिस्त अशी की रोज एक अध्याय वाचायचा, आवडो न आवडो. तेव्हा माझा लेवीय चालू होता. खरं सांगायचं तर लेवीय हे पंधरा वर्षांच्या मुलीला आवडण्यासारखं पुस्तक नाही. पण तेविसाव्या अध्यायात मी अडखळले. इस्राएल लोकांना सांगितलंय की तुम्ही देशात जाल, पीक कापाल, तेव्हा पहिली पेंढी याजकाकडं आणा, तो ती परमेश्वरासमोर ओवाळील. आणि चौदाव्या वचनात असं आहे की, ते अर्पण आणाल त्या दिवसापर्यंत नव्या धान्याची भाकर खायची नाही, भाजलेला दाणा खायचा नाही, हिरवं कणीस खायचं नाही.

मी ते तीनदा वाचलं. भाजलेला दाणा! मला गवऱ्यांचा विस्तव आठवला. हा तर आजीचा नियम. मी बाईंकडं गेले आणि विचारलं, बाई, हे इथं कसं आलं? बाई म्हणाल्या, नीट वाच, पुढं वाच. पुढं बाविसावं वचन आहे. कापणी करताना शेताच्या कोपऱ्यापर्यंत सगळं कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तेव्हा बाला हे वाचून दाखवलं. बाला वाचता यायचं, पण अडखळत. त्यानं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, बोट ठेवून एकेक शब्द स्वतः वाचला, आणि उठून बाहेर गेला. त्या सुट्टीत त्या विषयावर तो एक शब्द बोलला नाही.

पुढच्या वर्षीचं मी आईकडून ऐकलं ते थोडं, आणि थोडं स्वतः पाहिलं, कारण त्या वेळी मी तापानं आजारी होऊन घरी आले होते. आश्विनात हळवं भात पिकलं. बा काकाकडं गेला आणि त्यानं विचारलं, “नवं कधी?” सात वर्षांत हा प्रश्न त्यानं विचारला नव्हता. काका म्हणाला, बुधवारी. बा म्हणाला, “ठीक आहे. आमचं रविवारी. तोवर आमच्या घरात नवं शिजणार नाही.” घरात जुनं धान्य संपलेलं. आई चिडली. भात दारात आणि पोरांना कडूकंद, असं ती म्हणाली, आणि तिचं चूक नव्हतं. पण बा ऐकेना. बुधवारी काकाचं नवं झालं. आम्ही गेलो नाही. कणसरीपुढचं बानं पुढं कधीच खाल्लं नाही, त्या बाबतीत तो होता तिथंच राहिला. पण अंगणापलीकडून आजीला दिसत होतं की आमच्या चुलीवर चार दिवस नवं शिजलेलं नाही.

रविवारी आमच्या कुडाच्या प्रार्थनाघरात बानं पेंढी आणली. पाळक आता दुसरे होते. त्यांनी तेविसावा अध्याय वाचला, पेंढी दोन्ही हातांत धरून वर उचलली आणि आभार मानले. मग घरी येऊन आईनं भात रांधलं. बानं पानावर थोडं वाढून घेतलं आणि अंगण ओलांडलं. मी त्याच्या मागं होते.

आजी तिच्या त्याच उंबऱ्यात बसली होती. बानं पान पुढं केलं. “आये, हे कोणापुढं ठेवलेलं नाही. देवाचे आभार मानून आणलंय. थांबलो होतो आम्ही.”

आजीनं पानाकडं पाहिलं नाही. तिनं विचारलं, “कोणाकोणाला दिलंस?”

बा म्हणाला, पाळकांना. आपल्या चार विश्वासू घरांना.

“आणि तिला?”

शेवटच्या घरातली विधवा बाई. तिच्या नवऱ्याचं आणि बाचं बांधावरून भांडण झालं होतं. नवरा गेला, पण बांध राहिला. बा ख्रिस्ती झाल्यावर आमच्या घरून तिला पान जाणं बंद झालं होतं. आधी आमच्या घरून नाही, काकाच्या घरून जायचं, त्यामुळं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आजीच्या आलं होतं.

बा तसाच उभा राहिला. मग पान माझ्या हातात देऊन तो शेवटच्या घरापर्यंत चालत गेला. किती वेळ गेला कोण जाणे, मला फार वाटला. तो परत आला तेव्हा ती बाई त्याच्या मागून येत होती, डोक्यावरून पदर ओढून. बानं तिला आमच्या अंगणात बसवलं. मग आजी उठली, अंगण ओलांडून आली, तिच्या शेजारी बसली. दोन घास खाल्ले, तिसरा खाल्ला, आणि आईला म्हणाली, “मीठ कमी पडलंय.”

आई रडायला लागली आणि मीठ आणायला आत गेली.

इथं तुम्हाला वाटेल की आजीनं पुढं बाप्तिस्मा घेतला. तसं सांगता आलं असतं तर तुम्हालाही बरं वाटलं असतं आणि आपल्या या अंकालाही. पण तसं झालं नाही. ती १९९१ मध्ये गेली, कणसरीला मानतच गेली. तिच्यासाठी मी काय प्रार्थना करते ते माझ्या आणि देवाच्या मध्ये आहे. पण त्या वर्षापासून ती असेपर्यंत आमच्या अंगणात दोन नवी होत. आधी काकाचं, मग येणाऱ्या रविवारी आमचं. आणि ती दोन्हीकडं जेवायची.

मी पुढं शिक्षिका झाले, मग वसतिगृहात आले. शहरातल्या मंडळ्यांत सुगीच्या सणाला जायला लागले, तेव्हा मला कुतूहल वाटू लागलं की हा आपला सण आला कुठून? मला वाटायचं, थेट लेवीयातून. पण तसं नाही. आपण आज ज्या रीतीनं करतो, म्हणजे मंदिर कणसांनी आणि फळांनी सजवायचं, त्या रीतीची अलीकडची सुरुवात इंग्लंडमधली आहे. कॉर्नवॉलमध्ये समुद्राकाठी मॉर्वेनस्टो नावाचं गाव आहे. तिथले पाळक रॉबर्ट हॉकर. त्यांनी १ ऑक्टोबर १८४३ च्या रविवारी आपल्या लोकांना बोलावलं की, या, नव्या गव्हाच्या भाकरीनं प्रभुभोजन घेऊ. हे हॉकरसाहेब वेगळेच गृहस्थ होते. त्या किनाऱ्यावर जहाजं फुटायची, बुडालेल्या खलाशांची प्रेतं खडकांवर यायची. ती कोणाची, कुठली, हे न विचारता ते ती गोळा करून आपल्या मंडळीच्या आवारात पुरायचे. मला हे वाचून वाटलं, परक्याला जागा देणाऱ्या माणसालाच नव्या भाकरीचा सण आठवावा, हे बरोबर जुळतं.

त्यांनीही तो शोधून काढला नव्हता. त्याआधी कित्येक शतकं इंग्लंडात १ ऑगस्टला ‘लॅमस’ होता, नव्या गव्हाची भाकर मंदिरात आणायचा दिवस. तो मागं पडला होता, हॉकरनी तो ऑक्टोबरात परत आणला. मिशनऱ्यांबरोबर ती रीत सगळीकडं गेली.

आपल्याकडं तर त्याहून जवळची उदाहरणं आहेत. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन कॅथलिक गावांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ असतो. शेत या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते नाव आलं असं सांगतात. भाताची पेंढी वाजतगाजत देवळात नेतात, पाद्री तिला आशीर्वाद देतात. आता त्यांतल्या पुष्कळ गावांत शेतच उरलं नाही, इमारती झाल्या. तरी कुठून तरी पेंढी आणतात. गोव्यात राय गावी ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त होतं, ताळगावला २१ ऑगस्टला. भात तिकडं आपल्याआधी तयार होतं.

आणि पवित्र शास्त्रात मागं मागं जावं तितकं सापडत जातं. वल्हांडणाच्या सणात पहिली पेंढी सातूची, कारण तिकडं सातू आधी पिकतो. त्यानंतर पन्नास दिवस मोजायचे आणि गव्हाच्या नव्या पिठाच्या दोन भाकरी आणायच्या. तो सप्ताहांचा सण. तोच पुढं पेंटेकॉस्ट, ज्या दिवशी यरुशलेमेत पवित्र आत्मा उतरला. म्हणजे मंडळीचा जन्म झाला तो दिवस मुळात सुगीचा. पौल पुनरुत्थित ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो, तेही याच पेंढीवरून. हे आपण दर ईस्टरला ऐकतो, पण मला त्याचा अर्थ आमच्या प्रार्थनाघरात वर उचललेली ती पेंढी आठवल्याशिवाय लागत नाही. एक पेंढी वर गेली की मागचं सगळं शेत खाण्याजोगं होतं.

अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात तर सगळा विधीच दिलाय. टोपलीत पहिलं पीक घालायचं, याजकापुढं ठेवायचं, आणि मग आपला इतिहास सांगायचा. आमचे वाडवडील भटके होते, मिसरात गेले, तिथं गुलाम झाले, आम्हाला सोडवलं गेलं. म्हणजे टोपली भरलेली असताना उपाशी दिवसांची आठवण करायची. मला हा विधी शिकवावा लागत नाही. आणि मग म्हटलंय, तुला दिलेल्या सर्वाबद्दल तू, लेवी आणि तुझ्यात राहणारा परका, मिळून आनंद करा.

जाता जाता, आठ वर्षांच्या त्या मुलीची बाजूही घेते. अनुवादातच लिहिलंय की शेजाऱ्याच्या शेतातून जाताना हातानं कणसं खुडून खाल्ली तर चालतात, विळा लावायचा नाही. आणि लूकच्या सहाव्या अध्यायात प्रभूचे शिष्य शेतातून जाताना कणसं मोडून, हातावर चोळून खातात, तेव्हा प्रभू त्यांची बाजू घेतो. भुकेल्याला देव तूस पुसून मार देत नाही. पण शिष्य एकटे नव्हते, हेही मी पुढं पाहिलं.

आजीचा नियम का असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. शेतकऱ्याला सांगायला नको, की हिरवं भात खाल्लं तर पंधरा दिवसांनी जे पायलीभर झालं असतं ते ओंजळभरच मिळतं. भुकेली माणसं स्वतःचंच पीक कोवळं खाऊन टाकतील, हा धाक त्यात असणार. पण तेवढंच असतं तर तिनं मला ‘कोवळं का खाल्लंस’ असं विचारलं असतं.

आता दिवस बदललेत. रेशनचा तांदूळ आता फुकट मिळतो, आणि देवाची स्तुती असो, भाद्रपदात आमच्याकडं पूर्वीसारखी उपासमार नाही. घाटमाथ्यावर आमची मुलं स्ट्रॉबेरी लावतात. पण भात झोडून झालं की माणसं अजूनही दिंडोरी-निफाडच्या बागांत जातात. म्हणून तर वसतिगृह लागतं, नाहीतर मुली आईबापाबरोबर जातात आणि शाळा सुटते. तुमच्या देणग्यांतून आमच्याकडं या वर्षी मुली राहतायत, त्याबद्दल आभार मानते.

वसतिगृहात आम्ही एक रीत ठेवली आहे. दिवाळीच्या सुट्टीवरून येताना प्रत्येकीनं घरचं मूठभर नवं धान्य आणायचं. भात, नागली, वरई, काय असेल ते. पहिल्या संध्याकाळी सगळ्या आपापली मूठ एका टोपलीत रिकामी करतात, प्रार्थना होते, दुसऱ्या दिवशी ते दळून-शिजवून सगळ्या खातात. दोन वर्षांमागं सातवीतली एक मुलगी रांगेत शेवटी उभी होती. मूठ उघडेना. मी जवळ गेले, तर ती कानात म्हणाली, “बाई, आमच्याकडं शेत नाही. हे रेशनचं आहे. चालंल का?”

मी तिला टोपलीजवळ नेलं आणि तिची मूठ टोपलीत उघडली. पांढरे शुभ्र तांदूळ, बाकीच्यात वेगळे उठून दिसत होते. मी हात घालून टोपली ढवळली. आमच्या वसतिगृहात आता तेवढा एकच विधी माझ्याकडं आहे, टोपली ढवळायचा.

आमच्या घरी नवं अजून होतं. या वर्षी गेल्या रविवारी झालं. बा नाही, काका नाही. भाऊ शेत करतो, चुलतभाऊ अंगणापलीकडं राहतो, तोच ज्यानं माझी चुगली केली होती. त्याच्या घरी बुधवारी, आमच्याकडं रविवारी, हा क्रम बाच्या वेळचा तसाच आहे. त्याच्या नातवंडांतली दोघं आपल्या संडेस्कूलला येतात. माझा नातू पुण्याहून आला होता, सहा वर्षांचा. सकाळी त्यानं बिस्किटाचा पुडा फोडला आणि चुलतभावाच्या नातवंडांसमोर खात बसला. मी तोंड उघडणार होते, तोच माझी सून म्हणाली, “एकटाच खातोयस का रे?” मी तिला ही गोष्ट कधी सांगितलेली नाही. विचारलं तर म्हणाली, का, काय झालं? आमच्याकडं आई असंच म्हणायची. ती सोलापूरकडची आहे.

तर हा भोपळा त्या दिवशीच्या वेलावरचा, माझ्या भावाच्या परसातला. वाकडा आहे, पण आतून केशरी निघेल, भाजीला चांगला आहे. जो कोणी लिलावात घेईल त्यांना एकच विनंती. बी टाकू नका. धुवून, सावलीत वाळवून, कागदात बांधून ठेवा. मेच्या शेवटी मी वसतिगृहाच्या कामासाठी परत इथं येईन, तेव्हा मला द्या. आमच्या मुली ते पहिल्या पावसात कुंपणाला लावतील.